नोकरी सोडून पूर्णवेळ व्हिडिओ: पगार थांबल्यावर काय बदलतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गेले सोळा महिने नोकरी सांभाळून तुम्ही स्प्रेडशीट शिकवणारे व्हिडिओ करता. यूट्यूब चॅनलवर ५८ व्हिडिओ आणि ११ हजार सबस्क्रायबर आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत जाहिरातींतून पगाराच्या साधारण एक तृतीयांश रक्कम मिळाली. आता तुम्ही विचारता, "संध्याकाळचे तीन तास देऊन एवढं मिळतं, तर अख्खा दिवस दिला की तिप्पट मिळेल. मग नोकरी सोडू का?"

मी २०१६ पासून शिवणकाम शिकवणारे व्हिडिओ करते. २०१९च्या सुरुवातीला नोकरी सोडली, तेव्हापासून घर यावरच चालतं. माझं उत्तर: आत्ता सोडू नका. तुमच्या चॅनलमध्ये दम नाही असं मला मुळीच वाटत नाही. सोळा महिन्यांत ५८ व्हिडिओ म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक, तोही नोकरी करून. ही चिकाटी फार थोड्यांकडे असते. अडचण तुमच्या त्या तिपटीच्या हिशेबात आहे.

एक तर ऑक्टोबर ते डिसेंबर हे जाहिरातींचे वर्षातले सर्वांत चांगले महिने. वर्ष संपताना कंपन्या जाहिरातीवर हात सैल सोडून खर्च करतात, आणि जानेवारी उजाडला की तोच हात आखडतो. व्ह्यूज तेवढेच राहिले तरी रक्कम खाली येते. नोकरी सोडल्यावरचा माझा पहिलाच महिना जानेवारी होता. मी डिसेंबरचा आकडा धरून घरखर्च आखला होता, आणि फेब्रुवारीत खात्यात जे जमा झालं ते पाहून रात्रभर झोप लागली नाही. व्हिडिओ वाईट झाले होते का, लोकांना मी नकोशी झाले होते का, असे नाही नाही ते विचार केले. खरं कारण फक्त कॅलेंडरमध्ये होतं. म्हणून तीन महिन्यांच्या आकड्यावर काहीही ठरवू नका. पूर्ण बारा महिने हातात हवेत, त्यांत एक जानेवारी-फेब्रुवारीची जोडी हवीच.

दुसरं, व्हिडिओचं उत्पन्न तासांच्या प्रमाणात वाढत नाही. अ‍ॅनालिटिक्समध्ये जाऊन शेवटच्या ९० दिवसांचं उत्पन्न व्हिडिओनुसार लावून पाहा. बहुतेक वर दोन-तीन व्हिडिओ दिसतील आणि त्यांच्याच जिवावर बाकीचे पन्नासेक उभे असतील. सर्वांत वरचा व्हिडिओ वगळा आणि उरलेल्यांची बेरीज करा. ती तुमची खरी कमाई समजा. माझा असा एक व्हिडिओ होता, मशीनवर वरचा आणि खालचा धागा यांचा ताण कसा जुळवायचा याबद्दलचा. पूर्णवेळ कामाच्या पहिल्या वर्षी माझ्या एकूण उत्पन्नाचा चाळीस टक्के भाग त्या एकट्यावर होता. पुढे दुसऱ्या एका बाईंनी त्याच विषयावर जास्त स्पष्ट, जवळून चित्रित केलेला व्हिडिओ केला. तो खरोखरच माझ्यापेक्षा चांगला होता. दोन महिन्यांत माझ्या व्हिडिओचे व्ह्यूज निम्म्याहून खाली आले. यात कुणाची चूक नव्हती. शोधणाऱ्याला चांगलं उत्तर मिळालं, एवढंच. पण माझं घर मी एका व्हिडिओवर टांगून ठेवलं होतं, ही चूक माझी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. आज तुमचा पगार हा तुमच्या चॅनलचा सर्वांत मोठा आश्रयदाता आहे. तो दर महिन्याला पैसे देतो आणि कोणत्या विषयावर व्हिडिओ करता, याबद्दल एक शब्द विचारत नाही. एखाद्या अवघड सूत्रावर तुम्ही वीस मिनिटं घालवलीत आणि तो व्हिडिओ फक्त सहाशे जणांनी पाहिला, तरी घरातला किराणा थांबत नाही. पगार थांबला की हे बदलतं, आणि सर्वांत आधी बदलतो तो तुमचा विषय.

माझं हेच झालं. नोकरीत असताना मी एक जुना कोट पूर्ण उसवून त्याचा एकेक भाग समजावून सांगितला होता: कॉलरच्या आत काय असतं, अस्तर कुठे सैल सोडतात, खांद्याची शिवण थोडी मागे का घेतात. तो व्हिडिओ फार कुणी पाहिला नाही, पण ज्यांनी पाहिला ते आजही मला लिहितात. नोकरी सोडल्यावर सहा महिन्यांत मी असलं काही करेनाशी झाले. पाच मिनिटांत पिशवी, दहा मिनिटांत उशीचा अभ्रा, न मोजता झगा. एक चालला की त्याच्यासारखा दुसरा, मग तिसरा. आकडे वाढले. पण ज्यांना खरंच शिवण शिकायची होती ते हळूहळू निघून गेले. नवे आलेले पिशवी शिवून दुसरीकडे वळले. चॅनल पुन्हा रुळावर आणायला मला एक वर्षाहून अधिक काळ लागला. माझी बुद्धी भ्रष्ट झाली होती असं नाही. महिनाअखेरची धास्ती हेच माझ्या विषयांचं कारण झालं होतं. म्हणून कुणी पूर्णवेळ व्हिडिओ करायचं म्हणालं की मी पैशांबद्दल जे काही सांगते, ते एका गोष्टीसाठी: विषयाला आणि पैसे देणाऱ्याला "नाही" म्हणायची ताकद शाबूत कशी ठेवायची.

आता वेळेबद्दल. तुम्ही म्हणता की पूर्ण दिवस व्हिडिओला मिळेल. मिळणार नाही. मी एकदा महिनाभर तासांची नोंद ठेवली होती. बारा मिनिटांच्या एका व्हिडिओला सरासरी ४१ तास लागले. त्यांतले ९ तास विषय ठरवणं, नमुना आधी शिवून पाहणं आणि संहिता लिहिणं. ८ तास शूट. १३ तास एडिटिंग. ३ तास थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र, आणि शीर्षक. ५ तास कॉमेंटना आणि ईमेलना उत्तरं. उरलेले ३ तास हिशेब, बिलं, पैशांसाठी आठवण करणं. मशीनसमोर बसून शिवण्याचे तास यात किती कमी आहेत ते बघा. आज तुम्ही नोकरीबाहेरच्या वेळेत मुख्यतः पहिल्या तीन गोष्टी करत असाल. पूर्णवेळ झालात की शेवटच्या तीन वाढतात, कारण हा आता धंदा झालेला असतो. कॅमेरा आवडतो म्हणून या कामात आलेल्या अनेकांची पहिली निराशा इथेच होते.

उपकरणांबद्दल फार लिहीत नाही. स्क्रीन दाखवून शिकवणाऱ्याला आधी चांगला माइक लागतो, मग शांत खोली, आणि मग बाकीचं. अंधुक चित्र लोक चालवून घेतात, घुमणारा आवाज नाही.

जाहिरातीच्या पैशांची रचना नीट समजून घ्या, कारण बरेच जण दोन आकड्यांची गल्लत करतात. सीपीएम म्हणजे जाहिरातदार हजार जाहिरात-दर्शनांमागे जे देतो ते. आरपीएम म्हणजे तुमच्या सगळ्या हजार व्ह्यूजमागे, यूट्यूबचा वाटा गेल्यावर, तुमच्या हाती जे पडतं ते. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के तुमचे असतात. शिवाय प्रत्येक व्ह्यूवर जाहिरात लागतेच असं नाही. त्यामुळे सीपीएम पाहून स्वप्न रंगवू नका. घरखर्च आरपीएमवर चालतो. तुमच्या विषयाला माझ्या विषयापेक्षा बरा दर मिळत असणार, कारण कार्यालयीन सॉफ्टवेअर आणि नोकरीची कौशल्यं यांचे जाहिरातदार जास्त मोजतात. ही तुमची जमेची बाजू आहे. व्हिडिओ आठ मिनिटांच्या वर गेला की मध्ये जाहिराती टाकता येतात. २०२० च्या जुलैपर्यंत ही मर्यादा दहा मिनिटांची होती. पण केवळ त्यासाठी पाच मिनिटांचं सूत्र नऊ मिनिटं ताणू नका. शिकायला आलेल्याला पाणी घातलेलं लगेच कळतं.

शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबवरचे छोटे उभे व्हिडिओ, यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ओळख व्हायला ठीक, पोट भरायला नाही. फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्समधल्या जाहिरातींचे पैसे आधी एकत्र जमा होतात, संगीताच्या हक्कांचा भाग बाजूला निघतो, मग व्ह्यूजच्या प्रमाणात निर्मात्यांचा हिस्सा ठरतो आणि त्यातले ४५ टक्के हाती येतात. माझ्या एका शॉर्टला चार लाख व्ह्यूज मिळाले. त्याचं उत्पन्न माझ्या नऊ हजार व्ह्यूजच्या एका लांब व्हिडिओपेक्षाही कमी होतं.

पैसे हाती येण्याची वेळही ध्यानात ठेवा. एका महिन्याची कमाई पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघते, तीही १०० डॉलरची किमान रक्कम पूर्ण झाली असेल तर. म्हणजे आज विचार सुरू केलेल्या व्हिडिओचे पैसे यायला दोन-अडीच महिने सहज जातात. आणि आलेली रक्कम ही तुमची नसते. तिच्यातून कर तुम्हालाच भरायचा आहे, उपकरणांची झीज तुमचीच, आजारपणाची रजा तुमचीच. मी रक्कम जमा झाली त्याच दिवशी कराचा भाग वेगळ्या खात्यात टाकते. पहिल्या वर्षी तसं केलं नाही, आणि वर्षाअखेर कर भरायला बचत मोडावी लागली.

"सगळे तर कमावतायत" असं वाटत असेल तर एक गोष्ट सांगते. २०२४च्या सुरुवातीला यूट्यूबने सांगितलं की मागच्या तीन वर्षांत त्यांनी ७० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटली, आणि पार्टनर कार्यक्रमात, म्हणजे उत्पन्नात वाटा मिळणाऱ्यांत, ३० लाखांहून जास्त चॅनल आहेत. या दोन आकड्यांचा भागाकार करून सरासरी काढण्याचा मोह टाळा. त्या रकमेत गायक-संगीतकार, टीव्ही वाहिन्या, मोठ्या मीडिया कंपन्या सगळे येतात, आणि वाटणी अतिशय विषम आहे. पहिल्या उत्पन्नाचा उत्सव करणारे व्हिडिओ तुमच्यासमोर येतात. दोन वर्षं झटून गुपचूप नोकरीकडे परतलेल्यांचे व्हिडिओ येत नाहीत. माझ्यासोबत सुरुवात केलेल्या सहा जणींपैकी आज दोघी हे काम पूर्णवेळ करतो. उरलेल्या चौघींपैकी एकीचं काम माझ्यापेक्षा सरस होतं, हे मी मनापासून सांगते.

आता परक्या जमिनीबद्दल. आपण ज्या जागेवर दुकान थाटतो ती आपली नसते, आणि तिचे नियम बदलतात. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिलं, आणि नुसत्या आकर्षक थंबनेलवर चालणारे चॅनल बसले. २०१७ मध्ये आक्षेपार्ह व्हिडिओंवर आपल्या जाहिराती दिसतात म्हणून मोठ्या कंपन्यांनी हात काढून घेतला, आणि त्या गोंधळाशी संबंध नसलेल्यांचंही उत्पन्न घसरलं. जानेवारी २०१८ मध्ये जाहिरातींचे पैसे मिळण्यासाठी १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास पाहिलं जाण्याची अट जाहीर झाली. तोवर एकूण १० हजार व्ह्यूज पुरत होते. २०२० च्या जानेवारीपासून मुलांसाठीच्या व्हिडिओंवर वैयक्तिक माहितीवर आधारलेल्या जाहिराती आणि कॉमेंट बंद झाल्या. यातला एकही बदल निष्कारण नव्हता. काही तर फार आधी व्हायला हवे होते. पण ज्याचं घर त्यावर चालतं त्याला कारणापेक्षा तारीख महत्त्वाची असते. आणि व्हाइनसारखं अ‍ॅप तर पूर्णच बंद झालं. सहा सेकंदांच्या व्हिडिओंवर नाव कमावलेल्या लोकांना २०१६च्या ऑक्टोबरमध्ये कळलं की ही जागाच उरणार नाही.

तुमच्या विषयाला लागू पडेल असा अलीकडचा बदल म्हणजे जुलै २०२५ मधला. साच्यातून काढल्यासारखे, एकसारखे, घाऊक व्हिडिओ उत्पन्नास पात्र नाहीत, हा जुना नियम तेव्हा अधिक स्पष्ट केला गेला. पूर्णवेळ झाल्यावर "रोज एक सूत्र, रोज एक व्हिडिओ" असा विचार तुमच्या मनात येईल. करू नका. एक ना धड भाराभर चिंध्या होतील, आणि तीनशे सारख्या व्हिडिओंपेक्षा तीस नीट केलेले जास्त टिकतात, हे मी माझ्या यादीवरून सांगू शकते.

स्पॉन्सरशिपवर मी जरा थांबते, कारण पैसा इथे जास्त आहे आणि घसरण्याची जागाही इथेच आहे. करार वाचायला शिका. रक्कम सगळेच पाहतात. तुम्ही पुढच्या ओळी पाहा. पैसे किती दिवसांनी मिळणार? तीस, साठ, की नव्वद? मोजणी कधीपासून, व्हिडिओ दिल्यापासून की प्रकाशित झाल्यापासून? दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या? तुमचा चेहरा आणि आवाज ते स्वतःच्या जाहिरातीत वापरू शकतात का, आणि किती काळ? स्पर्धक कंपनीचं नाव किती महिने घ्यायचं नाही? या शेवटच्या कलमाने मला एकदा चांगलंच बांधून ठेवलं होतं. एका धाग्याच्या कंपनीसाठी एक व्हिडिओ केला आणि सही करताना वर्षभराची अट नीट वाचली नाही. त्या वर्षात दुसऱ्या तीन कामांना नकार द्यावा लागला. त्यातून पहिल्या कामाचे पैसेही पाच महिन्यांनी आले. आता मी अर्धी रक्कम आगाऊ घेते, आणि अट तीन महिन्यांपेक्षा मोठी असेल तर तिचे वेगळे पैसे लावते. प्रायोजित भाग आहे हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगा आणि यूट्यूबवरची त्यासाठीची खूण करा. बऱ्याच देशांत तो कायदाच आहे, आणि नसता तरी शिकवणाऱ्याने ते सांगायलाच हवं.

एक प्रसंग सांगते. एका मशीनच्या कंपनीने मोठी रक्कम देऊ केली होती. मी म्हणावं की हे मशीन जाड कापडाचे आठ थर सहज शिवतं. मी चार दिवस ते वापरून पाहिलं. पाच थरांपर्यंत ठीक, सहाव्याला टाके सुटायला लागले, आठव्याला दोन सुया मोडल्या. मी तसं कळवलं आणि त्यांना सुचवलं की "रोजच्या कापडासाठी उत्तम" एवढंच म्हणते. त्यांना ते नको होतं. मशीन परत पाठवलं. तेव्हा माझ्याकडे सात महिन्यांचा घरखर्च बाजूला होता. तो नसता तर मी काय केलं असतं, हे मला खात्रीने सांगता येत नाही. त्या एका वाक्याच्या भरवशावर कुणीतरी मशीन घेतलं असतं, घरी बसून चार पैसे कमवायच्या आशेने. बचतीला मी सुरक्षितता म्हणतच नाही. माझ्यासाठी तो प्रामाणिक राहण्याचा खर्च आहे.

यावर टिकाऊ उपाय मला एकच सापडला. जाहिरात आणि स्पॉन्सर यांच्याबाहेरचं, थेट शिकणाऱ्याकडून येणारं उत्पन्न. जॅक कॉन्ते या संगीतकाराने २०१३ मध्ये सॅम यॅमबरोबर पॅट्रिऑन ही चाहत्यांनी निर्मात्याला थेट पैसे देण्याची साइट सुरू केली, त्यामागेही हीच ठेच होती. व्हिडिओ पाहणारे भरपूर, पण जाहिरातींतून मिळणारं अगदी तुटपुंजं. मी मोजमापांसकट कटिंगचे पॅटर्न विकते आणि वर्षातून दोनदा आठ आठवड्यांचा वर्ग घेते. लाखावर सबस्क्रायबर असूनही दरमहा पैसे देऊन सोबत राहणारे चारशेच्या आत आहेत. पण ते चारशे जण जानेवारीतही असतात आणि व्हिडिओ पडला तरी असतात. कोट उसवण्यासारखे व्हिडिओ मी पुन्हा करू लागले ते त्यांच्यामुळे. तुमच्याकडे तर विकण्यासारखं आयतंच आहे: तयार टेम्पलेट, सरावाच्या फाइली, एखाद्या छोट्या कार्यालयाला हिशेबाची शीट बसवून देणं. हे काम आजच, नोकरीत असतानाच सुरू करा. आणि ईमेलची स्वतःची यादी ठेवा. सबस्क्रायबर यूट्यूबचे असतात, यादी तुमची असते.

मनाबद्दल लिहायला हवं. पूर्णवेळ झाल्यावर आकडा हा पगारपत्रक आणि प्रगतिपुस्तक दोन्ही होतो. व्हिडिओ प्रकाशित झाल्यावर पहिल्या तासात दर पाच मिनिटांनी पाहायची सवय मला लागली होती. मुलगी समोर बसून बोलतेय आणि माझं लक्ष फोनवर, असं वर्षभर चाललं. आता मी प्रकाशित करते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच पाहते. थंबनेल पाहून किती जण आत आले, तो टक्का तुम्ही रोज चिवडत असाल. यूट्यूबच स्वतः सांगतं की निम्म्या चॅनल आणि व्हिडिओंचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो. पाचचा साडेचार झाला म्हणून जीव टांगणीला लावू नका. त्यापेक्षा लोक कितव्या सेकंदाला उठून गेले ते पाहा. त्यातून शिकवणं सुधारतं.

सुट्टी आधीच आखा. टॉम स्कॉट या ब्रिटिश व्हिडिओ निर्मात्याने दहा वर्षं न चुकता दर आठवड्याला एक व्हिडिओ दिला, आणि १ जानेवारी २०२४ रोजी तो नेम थांबवला. त्याच्यासारख्या शिस्तीच्या माणसालाही थांबावं लागलं, ही गोष्ट मला धीर देते. सहा महिने काहीच प्रकाशित केलं नाही तर उत्पन्नाची पात्रता जाऊ शकते, पण तीन आठवड्यांच्या सुट्टीने चॅनल मरत नाही. मी दरवर्षी घेते. परतल्यावर पहिला व्हिडिओ थोडा कमी चालतो, तिसऱ्यापर्यंत गाडी मार्गावर येते. मनगट आणि पाठ यांचीही काळजी घ्या. एडिटिंगच्या खुर्चीवर मी जेवढं दुखणं कमावलं तेवढं मशीनवर नाही. एकटेपणही असतं. दुपारी चहाला कुणी नसतं, आणि चूक झाली की समोर बसून सांगणारा सहकारी नसतो. आम्ही वेगवेगळ्या विषयांचे चार जण दर पंधरवड्याला तासभर बोलतो आणि एकमेकांचे कच्चे व्हिडिओ पाहतो. तुम्हीही असे दोन-तीन जण शोधा, पण आपल्यापेक्षा वेगळ्या विषयाचे.

तर तुम्ही काय करावं. राजीनामा बाजूला ठेवा आणि आधी पंधरा दिवसांची रजा काढा. फिरायला जाऊ नका. सकाळी नऊ ते सहा हेच काम करा, तासांची नोंद ठेवा, आणि शेवटी पाहा की किती व्हिडिओ झाले आणि तुम्हाला सोळाव्या दिवशी पुन्हा बसावंसं वाटतं का. माझ्या एका मैत्रिणीला अशाच पंधरवड्यात कळलं की तिला संध्याकाळचे तीन तासच आवडतात. ती आजही नोकरी करते, चॅनलही चालवते, आणि तिचे व्हिडिओ मला हेवा वाटावा इतके निवांत असतात.

तो पंधरवडा चांगला गेला तर नोकरीत चार दिवसांचा आठवडा किंवा अर्धवेळ काम मिळतं का ते विचारा. मिळालं तर वर्षभर तसंच चालवा. पूर्ण सोडण्याआधी माझ्या मते चार गोष्टी जुळायला हव्यात. सर्वांत चांगला व्हिडिओ वगळून, आणि वर्षातले सर्वांत पडके तीन महिने धरून, आलेल्या उत्पन्नात किमान गरजेचा घरखर्च भागतो. एकूण उत्पन्नातला निदान तिसरा हिस्सा जाहिरातींबाहेरून येतो. नऊ ते बारा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवलेला आहे आणि त्याला कॅमेऱ्यासाठी हात लावायचा नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि पूर्ण तयार असे सहा व्हिडिओ हाताशी आहेत, म्हणजे पहिल्याच आजारपणात धावपळ होणार नाही.

पाचवी गोष्ट कागदावर लिहून ठेवायची: परत कधी फिरायचं. मी नोकरी सोडली त्या आठवड्यात नवऱ्यासमोर बसून लिहिलं होतं की बचत तीन महिन्यांच्या खर्चावर आली की मी काम शोधायला सुरुवात करीन, मग चॅनलचं काहीही चालू असो. एकदा, दुसऱ्या वर्षी, आम्ही त्या रेषेपासून पंधरा दिवसांवर होतो. मी दोन ठिकाणी अर्जही केले होते. पॅटर्नची विक्री त्याच महिन्यात वाढली म्हणून जावं लागलं नाही, पण गेले असते तर व्हिडिओ संध्याकाळी केले असते, तुम्ही आज करता तसेच. तो कागद माझ्या मशीनच्या खणात आहे. दर जानेवारीत त्यावरचा आकडा खोडून नवा लिहिते.

आधी ते बारा महिन्यांचे आकडे काढा. सर्वांत वरचा व्हिडिओ वगळल्यावर काय उरतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत किती आलं, हे दोन आकडे मला कळवा. चार दिवसांच्या आठवड्याबद्दल ते हातात आल्यावर बोलू.